येऊरच्या डोंगरात मुलं हरवायची कशी? कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी

आईवडील एका रात्रीत गेलेली दोन-तीन भावंडं आणि समोर जंगल. या कल्पनेवर कादंबरी लिहावी असं अनेकांना वाटतं आणि बहुतेक जण लगेच लांबचं जंगल शोधायला निघतात. मेळघाट, ताडोबा, नाहीतर सरळ बिननावाचं 'घनदाट अरण्य'. मग पानोपानी हिरवं वर्णन येतं, पण एक झाड ओळखता येत नाही. ठाण्यात राहणाऱ्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. वसंत विहारच्या गच्चीवरून दिसणारा येऊरचा डोंगर पुरेसा आहे.

फक्त त्यात एक अडचण आहे आणि ती सोडवली की निम्मी कादंबरी हाती येते. डोंगराच्या धारेवर चढलं की घोडबंदर रोडचे दिवे दिसतात. शनिवारी रात्री कुठल्यातरी बंगल्यातलं लग्नाचं संगीत झाडीत ऐकू येतं. मग मुलं खाली का उतरत नाहीत? वाचक हे पहिल्या वीस पानांत विचारणार. उत्तर नसेल तर बिबट्या कितीही छान रंगवा, पुस्तक मिटलं जाईल.

आधी कागदावर डोंगर काढा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. तुळशी आणि विहार हे तलाव त्याच्या पोटात आहेत, कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या बाजूला, येऊर ठाण्याच्या बाजूला, आणि वसई खाडीपलीकडे नागला नावाचा तुकडा वेगळा पडलेला. नवी मुंबईचे असाल तर खारघरचा डोंगर आहे, पांडवकड्याचा धबधबा आहे. पनवेलपुढे कर्नाळा आहे, पण ते जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं आणि वर सतत किल्ल्याची वर्दळ. माझा कौल येऊरला. तिथे जंगल आणि वस्ती एकमेकांत इतकी घुसलेली आहेत की ताण आपोआप तयार होतो.

नकाशा हाताने काढा. धार, ओढे, पाटोणपाडा आणि जांभूळपाड्यासारखे पाडे, हवाई दलाचं केंद्र, डांबरी रस्ता, मंदिर, पाण्याच्या जागा. मग अंतरं टाका. पायवाटेवर मोठा माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. चार वर्षांचं मूल कडेवर घेतलेली बारा वर्षांची मुलगी, पावसात, कारवीच्या झुडपांतून वाट काढत, तासाला एक किलोमीटर गेली तरी खूप झालं. हे लिहून ठेवा, कारण तिसऱ्या प्रकरणात तुमची मुलं नकळत एका दुपारी पार तुळशीपर्यंत पोचलेली असतील.

सालही आत्ताच ठरवा. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. इथे ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. २०२० च्या ऑगस्टमध्ये जांभळे उतार दाखवलेत तर येऊरला जाणारा कोणीही हसेल. फुलोरा संपला की झुडपं वाळतात, आणि वाळलेल्या कारवीच्या काठ्यांनीच पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती होतात. मुलांच्या निवाऱ्याचं सामान तिथे उभंच आहे.

खाली न उतरण्याचं कारण

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सोपी कारणं टिकत नाहीत. ओढ्याला पूर आला म्हणून अडकले? आपल्याकडचे डोंगरातले ओढे पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. पाय मोडला? मग धडधाकट भावंड मदतीला जाईल. वाट चुकले? येऊरमध्ये उताराने चालत राहिलं की कुठेतरी माणूस भेटतोच. खाली कुणीतरी वाईट माणूस टपून बसलाय, हे चालतं, पण त्याने कादंबरी पाठलागाची होते आणि शोक बाजूला पडतो.

टिकाऊ कारण दुर्घटनेच्याच पोटातून यायला हवं. मला सर्वांत दमदार वाटतं ते ताटातुटीचं भय. आपल्याकडे आईबाप नसलेलं मूल सापडलं की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती आधी नातेवाईक शोधते. कुणी पुढे आलं नाही तर बालगृह, आणि मुलांची बालगृहं वेगळी, मुलींची वेगळी. आता कल्पना करा: दरड कोसळून घर गेलंय, शाळेच्या वर्गात सगळ्यांना आणून बसवलंय, आणि कुणीतरी शेजारीण दुसरीला हळू आवाजात सांगतेय, "पोरीला एकीकडे ठेवतील नि पोरांना दुसरीकडे. मामा कुठला तिघांना नेतोय!" थोरली हे ऐकते. कायदा तिला माहीत नाही, तिने फक्त हे वाक्य ऐकलंय. पहाटे ती दोघा भावांना घेऊन मागच्या दाराने निघते. वाचक तिला वेडी म्हणणार नाही.

यात एक गोष्ट सांभाळा. समितीतली माणसं, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन उचलणारी बाई, यांना खलनायक करू नका. मुलीची भीती खरी आहे आणि व्यवस्थाही वाईट नाही, असं एकाच वेळी असलं की कथेला जोर येतो.

आणि एकच कारण तीनशे पानं ओढत नाही. पहिल्या दिवशी धक्का, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताटातुटीचं भय, पाचव्या दिवशी "आता गेलो तर ओरडतील" हे अगदी पोरकट कारण (मुलं खरोखर यासाठी लपून बसतात), आणि आठव्या दिवशी थोरलीला ताप भरल्यामुळे उतरायची ताकदच नाही. कारण बदललं की प्रकरण बदलतं. आराखडा दिवसांवर आखण्यापेक्षा या कारणांवर आखून पाहा.

खऱ्या घटनेतही हेच दिसतं. १ मे २०२३ रोजी कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉन जंगलात छोटं विमान पडलं. आई गेली, आणि तेरा वर्षांची मुलगी, तिची दोन लहान भावंडं आणि अकरा महिन्यांचं तान्हं बाळ ९ जूनला, चाळीस दिवसांनी, जिवंत सापडली. ही मुलं हुइतोतो या आदिवासी समाजातली, जंगलाची ओळख घरातूनच असलेली. विमानातलं कसाव्याचं पीठ संपल्यावर बिया आणि फळं खाऊन ती जगली. शोधपथक काही वेळा त्यांच्या अगदी जवळून गेलं होतं, तरी भेट झाली नाही. मग हेलिकॉप्टरच्या भोंग्यावरून त्यांच्या आजीचा आवाज, त्यांच्याच भाषेत, जंगलावर सोडण्यात आला: आहात तिथेच थांबा. हा तपशील कुठल्याही कादंबरीकाराला सुचला असता तर संपादकाने 'जरा जास्तच होतंय' म्हणून काढायला लावला असता.

दुर्घटना: कमी पानांत

दरड, इमारत कोसळणं, अपघात, काहीही घ्या, पण खरी घटना जशीच्या तशी उचलू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आईबाप गमावलेली तिथली मुलं आज शाळेत जातायत, उद्या तुमचं पुस्तक त्यांच्या हाती पडू शकतं. वस्तीचं नाव काल्पनिक ठेवा, तारीख काल्पनिक ठेवा, आणि दरड कशी येते तेवढं खऱ्याकडून घ्या: आधी दोन-तीन दिवसांचा सलग पाऊस, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, जमिनीला भेग, तिरकी झालेली झाडं आणि मग आवाज.

ती रात्र सुरुवातीला सलग सांगून टाकू नका. मुलंही ती सलग आठवत नाहीत. एखादी चप्पल, बंद न झालेला टीव्ही, आईने शेवटचं कशावरून रागावलं होतं, असे तुकडे पुढे पुढे येऊ द्या.

महिना ठरवणं म्हणजे पोट ठरवणं

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. हिरवं जंगल म्हणजे भरपूर खायला, असं वाटतं. आपल्या डोंगरात नेमकं उलटं असतं.

मे महिन्यात येऊर करडा, भकास दिसतो. साग निष्पर्ण, सावली नाही, बहुतेक ओढ्यांत नुसते दगड. पण खायला तेव्हाच आहे: करवंदं, तोरणं, अळूची फळं, रायवळ आंबे, फणस, महिनाअखेरीस जांभळं. पोट कसंबसं भरेल, घसा कोरडा पडेल. पाण्यासाठी मुलांना डबक्याकडे जावं लागेल, आणि तिथेच सगळी जनावरं येणार.

जुलैमध्ये पाणीच पाणी. ठाण्यात चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर हिरवाकंच, आणि हाताने तोडून तोंडात टाकावं असं जवळपास काही नाही. उंबर कुठेतरी लागलेला, एखादं उरलंसुरलं भोकर. बाकी सगळ्या रानभाज्या: टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, दिंडा, करटोली. त्यांना विस्तव हवा, भांडं हवं, आणि ओळख हवी. शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतात, ठाण्याच्या बाजारात बायका जुड्या घेऊन बसतात. त्यांच्याबरोबर काकडं ही आंबट रानफळं का विकायला असतात ते विचारा. काकडाच्या आंबटपणाशिवाय शेवळं खाल्ली तर घशाला अशी खाज सुटते की पाणी गिळवत नाही. भुकेल्या मधल्याने कच्चं शेवळ चावलं, हा तुमचा एक अख्खा प्रसंग. करांदे आणि कडूकंद यांचंही तसंच. उकडून, राखेच्या पाण्यात शिजवून, धुऊन त्यांचा कडवटपणा काढायची रीत पाड्यावरच्या आजीला पाठ असते, सोसायटीतल्या मुलीला नसते. ओढ्यात खेकडे मिळतील, पण कच्चे खाणं धोक्याचं. कळलावीचं फूल सुंदर, कंद जीवघेणा. गुंज, धोतरा, एरंडाच्या बिया चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतील अशाच उंचीवर असतात.

हिवाळा म्हणजे आवळे, बोरं, थंड रात्री आणि आटत चाललेले ओढे. संथ, आतल्या आत उलगडणाऱ्या कादंबरीला तो बरा.

दरडीची गोष्ट लिहायची तर जुलै अपरिहार्य, म्हणजे भूक अपरिहार्य. मग एक निर्णय घ्यावा लागतो: रान ओळखणारं कुणी तिघांत आहे का? असेल तर त्याला वाटाही माहीत असणार, आणि पुन्हा तोच प्रश्न: मग घरी का जात नाही? माझा सल्ला असा की थोरलीला अर्धंमुर्धं ज्ञान द्या. आजी भाजी विकायची, ही टोपली उचलायला जायची. भाजी दिसते कशी ते तिला माहीत आहे, उगवते कुठे ते नाही.

अंगाचा हिशोब

प्रत्येक मुलाच्या नावाने एक कागद करा आणि दिवसागणिक लिहा: काय खाल्लं, किती प्यायलं, कुठे लागलं, किती झोप, कपडे ओले की कोरडे. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे हाच कागद तुमच्यासाठी प्रसंग लिहितो.

पावसाळ्यात पहिला शत्रू गारठा. आपल्याला वाटतं, मुंबई-ठाण्यात कसली थंडी! पण ओले कपडे, धारेवरचा वारा आणि रिकामं पोट एकत्र आलं की लहान मुलाचं अंग झपाट्याने निवतं, कारण वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. खूण लक्षात ठेवा: थरथर वाढणं वाईट, आणि अंग गरम न होताच थरथर थांबणं त्याहून वाईट. मूल बडबडायचं बंद होतं, झोपेला येतं. थोरलीला वाटेल, झोपला एकदाचा. वाचकाला कळेल, तिला कळणार नाही.

त्यानंतर जुलाब. ओढ्याचं पाणी पिऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग तळपायांची पांढरी, सुरकुतलेली, सोलवटलेली कातडी. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी लेप्टो दाखवू नका. विस्तव पेटवायचाच असेल तर सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत पेटू देऊ नका. भिजलेली काडेपेटी काही कामाची नाही, आणि जुलैमधलं लाकूड आतपर्यंत ओलं असतं. निवाऱ्याला कारवीच्या काठ्या आणि सागाची पानं घ्या. पावसाळ्यात ती सुपाएवढी होतात, एकावर एक रचली तर पाणी बऱ्यापैकी अडवतात.

मोबाइलचं लवकर उरका. असलाच तर बॅटरी दीड दिवसात संपवा. शेवटच्या टक्क्यांत थोरलीने आईचा जुना व्हॉइस मेसेज ऐकावा की कुणाला फोन करावा, हे मात्र पळवाट न काढता लिहा.

बिबट्या आणि साप

बिबट्या येणारच. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे नोंदले गेले. पण तो रोज झाडावरून गुरगुरत नाही. दिसण्यापेक्षा तो असल्याचं कळतं: वानरांचं खाकरणं, भेकराचं भुंकणं, चितळाचा इशारा, चिखलातला ठसा, पाड्यावरच्या कुत्र्याचं नाहीसं होणं. भटकी कुत्री हे त्याचं मोठं खाद्य आहे. धोका खरा आहे तो तिन्हीसांजेला, एकट्या, वाकलेल्या किंवा उकिडवं बसलेल्या लहान मुलाला. म्हणजे धाकट्याला शी लागणं हा तुमच्या कादंबरीतला सगळ्यात भीतीदायक प्रसंग होऊ शकतो, आणि त्यात बिबट्या दिसायचीही गरज नाही. पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. त्या देवाकडे मुलं कुठल्या नजरेने बघतात तेही येऊ द्या.

सापांत मण्यार घ्या. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश अनेकदा कळतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. चिरा देणं, रक्त चोखणं, पाला चोळणं यांनी कुणालाही वाचवू नका. पुस्तक मुलं वाचणार आहेत. प्रतिविष इस्पितळातच मिळतं. त्यामुळे विषारी सर्पदंश दाखवलात तर कादंबरी त्याच दिवशी खाली उतरते. तो शेवटासाठी राखून ठेवावा किंवा बिनविषारी सापावर भागवावं.

मुलं रडतात कधी

सतत नाही. मोठ्यांचा शोक सलग असतो, मुलांचा तुटक. आता हमसून रडणारा मधला दहा मिनिटांनी खेकड्यामागे धावेल, खिदळेल, आणि थोरलीला त्याचा संताप येईल. चार वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगलेलं नसतं. तो रोज, त्याच सुरात, आई कधी येणार विचारेल. थोरली पहिल्या दिवशी खोटं सांगेल, चौथ्या दिवशी दुसरं खोटं सांगेल, आणि धाकटा दोन्हींची गाठ घालेल. अंथरुण ओलं करणं, अंगठा चोखणं हेही परत सुरू होतं.

संवाद जितके व्यावहारिक, तितके चांगले.

"दादा, तू माझी बिस्किटं खाल्लीस."

"चारच होती."

"आईने मला दिलेली."

यापुढे शोकावर परिच्छेद लिहायचा मोह होईल. आवरा.

कथन थोरलीच्या तोंडी देणं सोपं, पण ती फार समजूतदार होऊन बसते. मधल्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला निवेदक करून पाहा. त्याला अर्धं कळतं, अर्धं तो बनवतो, आणि थोरलीवरचा भार तो न समजता सांगून जातो.

जंगल रिकामं नसतं

उद्यानाच्या आत आणि कडेला वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं राहतात. सरपणाला, भाजीला, खेकड्यांना माणसं रोज रानात जातात. तिघं मुलं दोन दिवस त्यांच्या नजरेतून सुटतील हे पटत नाही. मग पटणारं लिहा: कुणीतरी पाहिलंय. उंबराखाली रोज पानात बांधलेली भाकरी सापडते. ठेवणाऱ्या बाईने पोलिसांना का कळवलं नाही? कदाचित तिचं स्वतःचं घर अतिक्रमणाच्या यादीत आहे आणि तिला खाकी कपडे पाड्यावर नकोत. आता तिच्याकडेही कारण आहे, आणि ती नुसती जंगलातली देवमाणूस उरत नाही. वारली बोलीतले संवाद अंदाजाने लिहू नका. चार वाक्यं घ्या, पण ती बोलणाऱ्याकडून तपासून घ्या.

खाली काय चाललंय

मुलं वर असताना शहर झोपलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांमुळे हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा लागतो. ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल, पोलीस, वन विभाग, श्वानपथक सगळे लागतील. मात्र मुसळधार पावसात वास धुऊन जातो आणि दाट पानोऱ्याखाली ड्रोनला काही दिसत नाही. पहिले दोन-तीन दिवस शोध ढिगाऱ्यातच चालेल, कारण मुलं गाडली गेलीत असंच सगळ्यांना वाटणार. ती वर्गातून निघाली हे कोणी पाहिलंय, आणि तो का बोलत नाही? तुमचं दुसरं कथानक इथे आहे. हवं तर घ्या, नाहीतर वर्तमानपत्राच्या एका भिजलेल्या तुकड्यातून मुलांनाच कळू द्या की ती मेलेली आहेत.

पाय मळवा, पण परवानगीने

राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'कादंबरीसाठी' ही सबब वनरक्षक ऐकत नाही. वन विभागाच्या किंवा निसर्गसंस्थांच्या मार्गदर्शित फेऱ्या असतात, त्यांना जा. मेमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा, त्याच वाटेने. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि झाडांच्या नावांआधी आवाज टिपा, कारण पावसात दिसत फार कमी असतं. स्टेशनजवळच्या बाजारात जूनमध्ये रानभाजी विकणाऱ्या बायकांकडून भाजी घ्या आणि विचारा. घासाघीस न करणाऱ्याला त्या शिजवायची कृतीही सांगतात.

पहिला खर्डा झाला की तो तीन जणांना द्या: पाड्यावर वाढलेल्या कुणाला, एखाद्या बालरोगतज्ज्ञाला, आणि बारा वर्षांच्या मुलीला. पहिल्या वाचकाला त्याच्या वेळेचे पैसे द्या. मुलीला काही विचारू नका, फक्त कुठल्या पानावर तिने पुस्तक खाली ठेवलं तेवढं बघा. त्या पानाच्या आधीच्या चार पानांत कुठेतरी खाली न उतरण्याचं कारण संपलेलं असेल. ती पानं पुन्हा लिहायची.